नंबर बरोबर, चष्मा चूक: उणे आठच्या एका चष्म्याची तपासणी

बेचाळीस वर्षांच्या एक प्राथमिक शिक्षिका. राहणं कऱ्हाडात, शाळा पाटणच्या बाजूला, जाणं-येणं स्कूटीवर. लहानपणापासून मायनस नंबर, त्यामुळे चष्मा त्यांना नवा नव्हता. पण यंदाचा नवीन चष्मा घातल्यापासून दुपार कलली की कपाळ आणि डोळ्यांच्या मागची बाजू ठणकायला लागायची, आणि संध्याकाळी परतताना समोरून येणाऱ्या एका मोटरसायकलच्या दोन दिसायच्या. दुकानात चष्मा मशीनवर तपासून मिळाला. "नंबर अगदी बरोबर आहे मॅडम, आठ दिवसांत सवय होईल." सवय झाली नाही. पुढच्या खेपेला, "चाळिशी लागली असेल, प्रोग्रेसिव्ह करून घ्या." म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. काचांचा नंबर खरोखरच बरोबर होता, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. बाईंची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तक्रारीतच अर्धं निदान

एक डोळा झाकला तर दोन दिसायचं थांबतं का, हा पहिला प्रश्न. थांबत होतं, कुठलाही डोळा झाकला तरी. म्हणजे गडबड एका डोळ्याच्या आत नव्हती, दोन डोळ्यांच्या जुळणीत होती. मोतीबिंदूच्या सुरुवातीला किंवा चष्म्याच्या नंबरात चूक असली तर एका डोळ्यानेही सावली दिसते. तो रस्ता इथेच बंद झाला.

दुसरा प्रश्न वाचण्याचा. "वह्या तपासायला काही त्रास नाही. उलट जुन्या चष्म्यापेक्षा बरं वाटतं." हे उत्तर ऐकल्यावर चाळिशीचा सल्ला गळून पडतो. चाळिशी लागलेला माणूस मोबाइल लांब धरतो. लांबचं दोन दिसतंय आणि जवळचं छान, असं तो सांगत नाही. शिवाय जास्त मायनस नंबरवाल्यांना चष्म्यातून वाचताना मुळात कमी जोर लावावा लागतो. ४० सेंमीवर वाचायला बिननंबरी डोळ्याला साधारण २.५ डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) फोकस करावं लागतं. उणे आठचा चष्मा नाकावर असलेल्या डोळ्याला ते काम दोन डायॉप्टरच्या आसपास भागतं. या लोकांची चाळिशी उशिरा येते ती याच कारणाने.

तिसरी गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली: ट्यूबलाइटच्या कडेला निळी-पिवळी किनार दिसते. ती बाजूला लिहून ठेवली.

कागदावरचे दोन नंबर

बाईंच्या यजमानांना वेगळीच शंका होती. डॉक्टरांच्या कागदावर उजव्या डोळ्याचा नंबर −९.०० / +१.०० × ९० असा होता आणि दुकानाच्या कार्डावर −८.०० / −१.०० × १८०. डाव्याचा कागदावर −९.२५ / +०.७५ × ८०, कार्डावर −८.५० / −०.७५ × १७०. "नऊचा आठ कसा झाला? प्लस कुठे गेला?"

नंबरातला पहिला आकडा स्फेरिकल, म्हणजे सगळ्या दिशांना सारखा; दुसरा सिलिंड्रिकल, म्हणजे एकाच दिशेतला जादा; आणि × नंतरचा ॲक्सिस, म्हणजे त्याचा कोन. काही डॉक्टर सिलिंड्रिकल नंबर प्लसमध्ये लिहितात, दुकानं आणि काचांचे कारखाने बहुधा मायनसमध्ये. एकातून दुसऱ्यात जायला स्फेरिकल आणि सिलिंड्रिकलची चिन्हासकट बेरीज करायची (−९.०० आणि +१.०० मिळून −८.००), सिलिंड्रिकलचं चिन्ह उलटं करायचं आणि ॲक्सिस ९० अंशांनी फिरवायचा. काच तीच राहते. या भिंगाच्या आडव्या रेषेत −८.०० आणि उभ्या रेषेत −९.०० अशी शक्ती आहे. नऊपासून मोजायला सुरुवात करा किंवा आठपासून. दोन्ही डोळ्यांचं गणित जुळलं. यजमानांचं समाधान झालं, बाईंचं डोकं मात्र दुखतच होतं.

काच वाचणं

डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. उणे आठच्या भिंगाचं हे अंतर १२.५ सेंमी. फर्दिनां मोनॉये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने हे एकक १८७२ मध्ये सुचवलं. त्याआधी भिंगं इंचांतल्या नाभीय अंतरावरून ओळखली जात आणि दोन भिंगांची बेरीज करायची तर अपूर्णांकांशी झटापट व्हायची.

मी हा चष्मा हाताने फिरवायच्या जुन्या लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, घेतला. त्यात पहिलं काम काचेचं नसतं, स्वतःच्या डोळ्याचं असतं. नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) पूर्ण बाहेर काढून हळूहळू आत फिरवायची आणि आतल्या काळ्या रेघा स्वच्छ दिसल्या की लगेच थांबायचं. हे न करता बसलं तर बघणाऱ्याचा डोळा आपल्याच फोकसची भर घालतो आणि वाचन पाव-अर्ध्या डायॉप्टरने सरकतं. काच नसताना चाक शून्यावर येतं का, तेही बघायचं. मग चष्म्याच्या काड्या आपल्यापासून लांब ठेवून काचेची मागची, म्हणजे डोळ्याकडची बाजू टेकणीवर बसवायची. चष्म्याचा नंबर मागच्या पृष्ठभागापासून मोजतात. पातळ मायनस काचेत पुढून-मागून फारसा फरक पडत नाही, पण मोतीबिंदू काढल्यावर पूर्वी जे जाड भिंगाचे +१२ चे चष्मे मिळत, ते उलटे ठेवून मोजले तर जवळजवळ एक डायॉप्टर कमी दिसू शकतो.

वाचन आलं: उजवी −८.०० / −१.०० × १८०, डावी −८.५० / −०.७५ × १७०. ॲक्सिस दोन अंशांच्या आत. १ डायॉप्टरच्या सिलिंड्रिकलला अमेरिकेचं झेड८०.१ मानक तीन अंशांची सूट देतं, त्यामुळे इथे बोट ठेवायला जागा नव्हती.

काच १.६७ अपवर्तनांकाची, म्हणजे बारीक, म्हणून पैसे घेतले होते, तर तीही खातरजमा केली. तीन टोकांचं लेन्स क्लॉक असतं. बाहेरची दोन टोकं पक्की, मधलं आत-बाहेर सरकणारं, आणि काटा पृष्ठभागाचा बाक डायॉप्टरमध्ये दाखवतो. पण हा काटा १.५३ अपवर्तनांकाच्या काचेसाठी आखलेला असतो. उजव्या काचेवर आडव्या रेषेत पुढे +१.००, मागे −७.२५ आलं. बेरीज −६.२५. एखादा नवखा म्हणेल, काच सव्वासहाचीच आहे, फसवलं. १.६७ साठी मात्र याला ०.६७ ÷ ०.५३, म्हणजे १.२६ ने गुणायचं, आणि मग उत्तर −७.९ येतं. सीआर-३९ या साध्या प्लास्टिकची काच असती तर उणे आठ भरायला क्लॉकवर साडेआठच्या आसपास बेरीज दिसली असती. काच सांगितली तीच होती. या दुकानाने मालात काहीही गडबड केली नव्हती, हे मुद्दाम नोंदवतो.

नंबर कुठे आहे?

लेन्सोमीटरवर काच ठेवली की आपण ती इकडे-तिकडे सरकवून आतली फुली मध्यभागी आणतो आणि नंबर वाचतो. ऑटोमॅटिक मशीनही तेच करायला लावतं. फुली मध्यात आली की हिरवी होते, बटण दाबायचं, चिठ्ठी निघते. या सगळ्यात आपण काचेचा प्रकाशीय मध्य शोधून फक्त तिथला नंबर वाचलेला असतो. तो मध्य घालणाऱ्याच्या बाहुलीसमोर आहे का, यावर चिठ्ठी गप्प असते. दुकानात चष्मा दहा वेळा तपासला असता तरी हेच उत्तर आलं असतं.

म्हणून उलट बाजूने सुरुवात केली. बाईंना चष्मा घालून सहा मीटरवरच्या अक्षराकडे बघायला सांगितलं आणि मार्करने दोन्ही काचांवर बाहुलीसमोर ठिपका दिला. मग चष्मा मशीनवर ठेवून मध्यावर शाईचे ठिपके उमटवले. बाहुल्यांचे ठिपके ६० मिमी अंतरावर, दोन्हीकडे ३० - ३०. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, कार्डावरही ६०च होता. शाईचे ठिपके ६७ मिमीवर: उजव्या काचेत मध्य ४ मिमी बाहेर, डाव्या काचेत ३ मिमी बाहेर. उंचीतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता, तो सोडून दिला.

सात मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. एक-दीडच्या नंबराला ते खपूनही गेले असते. चार्ल्स प्रेंटिस या न्यू यॉर्कच्या चष्मेतज्ज्ञाने १८९० मध्ये मांडलेला नियम असा: मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्या दिशेतल्या शक्तीने गुणा, तेवढे प्रिझम डायॉप्टर (प्रकाश बाजूला वळवायच्या ताकदीचं माप) तिथे तयार होतात. उजवीकडे ०.४ × ८ = ३.२. डावीकडे ०.३ × ८.५ = २.५५. मिळून पावणेसहा. बाहुलीचा ठिपका टेकणीवर धरून लेन्सोमीटरमध्ये बघितलं तर फुली आतल्या वर्तुळांवर तिथेच, तीनच्या जरा पुढे आणि अडीचच्या जवळ उभी होती. झेड८०.१ मध्ये आडव्या दिशेची सूट ०.६७ प्रिझम आहे, आणि जास्त नंबरांसाठी मध्यांतल्या अंतराची २.५ मिमी. हा चष्मा दोन्ही मापांनी नापास.

आता दिशा. मायनस काच मध्यात पातळ, कडेला जाड. मध्य बाहेर सरकल्यामुळे बाई दोन्ही काचांच्या नाकाकडच्या भागातून बघत होत्या आणि त्या भागात जाड बाजू नाकाकडे येते. प्रिझमचा तळ आत. असा प्रिझम प्रतिमा बाहेरच्या बाजूला ढकलतो आणि दोन प्रतिमा एक करायच्या तर दोन्ही डोळ्यांना बाहेर वळावं लागतं. आत वळणं डोळ्यांना रोजचं काम आहे; बाहेर वळायची ताकद निसर्गाने फार तोकडी दिली आहे. लांबच्या नजरेला सरासरी सातेक प्रिझमपर्यंत माणूस प्रतिमा धरून ठेवतो, पुढे सुटते. बाईंना पावणेसहाचं ओझं दिवसभर वाहायचं होतं. सकाळी जमायचं, दुपारी ठणकायचं, संध्याकाळी पकड सुटायची आणि एका दिव्याचे दोन व्हायचे.

वाचताना उलट घडत होतं. ४० सेंमीवर वाचायला ६० मिमी पीडीच्या डोळ्यांना पंधराएक प्रिझम आत वळावं लागतं, आणि चुकीच्या फिटिंगने त्यातले पावणेसहा फुकट मिळत होते. वह्या तपासताना बरं वाटायचं ते म्हणून! पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलेल्या या एका वाक्यात प्रिझमची दिशासुद्धा होती.

मॅडॉक्स रॉडने (दोन डोळ्यांच्या प्रतिमा वेगळ्या करून त्यांची जुळणी मोजायच्या रेघांच्या काचेने) पडताळलं. जुन्या चष्म्यातून लांबची जुळणी जवळजवळ शून्य, नव्यातून सहा ते सात प्रिझम आत वळलेली.

निळी-पिवळी किनारही याच खात्यातली. काचेचा ॲबे अंक जेवढा कमी तेवढा रंग फुटायचा संभव जास्त. सीआर-३९ चा ५८, १.६७ चा ३२ च्या आसपास. प्रिझमला या अंकाने भागलं की रंगविखुरण निघतं आणि ते ०.१ च्या आसपास गेलं की जाणवायला लागतं. उजव्या काचेत ३.२ ÷ ३२ = ०.१, तेही नजर सरळ समोर असताना. बाईंचा जुना चष्मा सीआर-३९ चा आणि नीट मध्यावर बसवलेला होता, त्यामुळे ही किनार त्यांनी कधी बघितलीच नव्हती. बारीक काचेची ही किंमत दुकानात सहसा कुणी सांगत नाही. सांगायला हवी.

फ्रेम कुठे आडवी आली

कार्डावर पीडी ६० असताना मध्य ६७ वर का गेला? फ्रेमच्या काडीच्या आत ५४□१८ छापलं होतं. एका काचेची रुंदी ५४, नाकावरच्या पुलाची १८, म्हणजे दोन काचांच्या भौमितिक मध्यांतलं अंतर ७२. साठच्या पीडीसाठी प्रत्येक काचेचा मध्य ६ मिमी आत घ्यावा लागतो. काचेची तिरकी सर्वांत मोठी लांबी ५७. तर कमीत कमी कच्ची काच किती हवी? ५७ + दोन वेळा ६ + घासण्यासाठी २ = ७१ मिमी.

मध्य २.५ मिमीच आत घेतला तर? ५७ + ५ + २ = ६४. पासष्टची ब्लँक (कच्ची काच) बरोबर पुरते. आणि मध्य सरासरी २.५ मिमीच आत घेतलेला होता. फिटरच्या हातात पासष्टची ब्लँक आली, सहा मिमी आत घेतली तर कडेला फट पडतेय, म्हणून जमेल तेवढंच आत घेऊन त्याने काम उरकलं, असाच याचा अर्थ मी लावतो. त्याला दोष देण्याआधी हेही बघावं की मोठ्या फ्रेमा सध्या चलनात आहेत आणि लहान पीडी व मोठा मायनस नंबर असणाऱ्याला ती फ्रेम काउंटरवरच नको म्हणायला हवं होतं. तिथे कुणी म्हटलं नाही.

डोळ्यापासूनचं अंतर

दुसरी चूक लहान होती, पण पहिलीच्याच दिशेने ढकलणारी. तपासणीच्या वेळी ट्रायल फ्रेम (नंबर काढताना काचा बदलून बघायची फ्रेम) डोळ्यापासून १४ मिमीवर होती. ही नवी प्लास्टिकची फ्रेम, नाकावर पॅड नसलेली, १० मिमीवर बसत होती. मायनस काच डोळ्याजवळ आणली की जास्त जोराने काम करते. फळ्यावरचं दिसत नसलं की मुलं चष्मा बोटाने वर ढकलतात ते उगाच नाही. गणित असं: ८ ÷ (१ + ०.००४ × ८) = ७.७५. म्हणजे या फ्रेममध्ये उजव्याला −८.०० ऐवजी −७.७५ पुरलं असतं, डाव्याला −८.५० ऐवजी −८.२५ च्या जवळ. पाव नंबर जास्त. तो भागवायला डोळे फोकसचा जोर लावतात, आणि फोकसबरोबर डोळे आत वळतात. प्रिझम म्हणतोय बाहेर वळा, जादा मायनस आत ओढतोय. मॅडॉक्स रॉडवर पावणेसहाच्या वर जे थोडं जास्त दिसलं, ते यातलं असावं.

चारच्या वरच्या कुठल्याही नंबराच्या कागदावर हे अंतर लिहायला हवं. बाईंच्या कागदावर नव्हतं, आणि असे कागद माझ्याकडे रोज येतात.

काय केलं

नंबर पुन्हा काढला. डॉक्टरांच्या नंबरात बदल करण्यासारखं काही नव्हतं. फ्रेम बदलली: ४८□१८, गोलसर, पॅड असलेली. मध्यांतलं अंतर ६६, म्हणजे प्रत्येकी ३ मिमीच आत घ्यायचं. तिरकी लांबी ५०, ब्लँक ५८ ची चालते. शिवाय कडेची जाडी आपोआप उतरली. मोठ्या मायनसला १.६७ वरून १.७४ वर जाण्यापेक्षा फ्रेम लहान करणं स्वस्त आणि जास्त गुणकारी पडतं, असं माझं ठाम मत आहे. ही फ्रेम १२ मिमीवर बसत होती. हिशेबाने उजव्याला −७.८७ येत होतं. काचा पाव-पावच्या टप्प्यात मिळतात, तेव्हा −७.७५ आणि −८.०० मधून कमीचा घेतला, कारण जादा मायनसचा त्रास त्यांनी आधीच भोगला होता. डाव्याला त्याच न्यायाने −८.२५. सिलिंड्रिकल आणि ॲक्सिस तेच. ऑर्डरवर पीडी एकत्र ६० न लिहिता ३० / ३० लिहिला आणि उंचीही दिली.

तयार चष्मा आल्यावर आधी मध्य मोजला: ३० आणि ३०.५. उरलेला प्रिझम ०.४. मग नंबर वाचला. दोन्ही डोळ्यांनी ६/६.

घरी हे तपासायचं असेल तर मशीन लागत नाही. चष्मा हातभर लांब धरून काचेतून दाराच्या उभ्या कडेकडे बघा. काचेतली कड आणि बाहेरची कड सहसा तुटक दिसते. चष्मा आडवा सरकवत जा. जिथे कड अखंड होते तिथे पेनाने खूण करा. दुसऱ्या काचेवरही करा, खुणांतलं अंतर पट्टीने मोजा आणि कार्डावरच्या पीडीशी ताडा. (तिरक्या ॲक्सिसचा मोठा सिलिंड्रिकल असेल तर कड कललेली दिसते आणि ही युक्ती फसते, प्रोग्रेसिव्हला तर ती वापरूच नये.) सरकवताना काचेतली कड चष्म्याच्याच दिशेने गेली तर काच मायनसची, उलट गेली तर प्लसची.

पंधरवड्याने बाई आल्या तेव्हा डोकेदुखी गेली होती आणि रस्त्यावर एकाच्या दोन गाड्या दिसत नव्हत्या. मॅडॉक्स रॉडवर १ प्रिझम. एक तक्रार मात्र नवीन होती: रात्री वह्यांचा गठ्ठा तपासताना आता डोळे दमतात, त्या चुकीच्या चष्म्यात दमत नव्हते. साहजिक आहे, ते पावणेसहा प्रिझम आता त्यांच्या स्नायूंना स्वतः भरायचे होते. जवळ फोकस करायची ताकद मोजली, वयाच्या मानाने ठीक निघाली, तेव्हा वाचायचा नंबर दिला नाही. वर्षाने पुन्हा मोजायचं ठरलं आहे; तेव्हा कदाचित चाळिशी खरंच आलेली असेल.